दोन कानांचा वाडगा

माझ्या मामेसासऱ्यांनी एकच परदेशी गाव जितक्या वेळा पाहिलं आहे, तितक्या वेळा ते त्या गावच्या महापौरानेही पाहिलं नसेल. गावाचं नाव कँपेर. फ्रान्सने अटलांटिक समुद्रात जे नाक खुपसलं आहे ते ब्रिटनी, आणि त्या नाकाच्या शेंड्याजवळ, ओदे नदीच्या काठी हे जुनं गाव बसलं आहे. मामा, म्हणजे माझ्या बायकोचे मामा, राहतात हाउन्सलोला. उभा जन्म लंडनच्या कडेला काढून त्यांनी टॉवर ब्रिज पाहिलेला नाही. "आहे ना जागेवर? मग झालं," म्हणतात. कँपेर मात्र प्रत्येक ऋतूत एकदा पाहायचंच. तिथे बाराही महिने पाऊस पडतो हे मी त्यांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "जावईबापू, पाऊस बारा महिने असेल, पण प्रत्येक सीझनचा वेगळा. एप्रिलचा खांद्यावर पडतो, नोव्हेंबरचा कानात."

नोकरी विमानतळावर, बॅगा चढवायची. रिटायर झाल्यावर त्यांनी जाहीर केलं, की लोकांच्या बॅगा खूप उडवल्या, आता मी माझ्या बॅगेशेजारी बसून जाणार. तेव्हापासून विमान बंद. हाउन्सलोहून ट्यूब, मग प्लिमथची ट्रेन, मग जहाज, मग बस, मग पुन्हा ट्रेन. इतक्या वेळात माणूस नागपूरला जाऊन हुरडा खाऊन परत येईल. सोबत ठेच्याची बरणी. एकदा म्हणे बंदरावरच्या अधिकाऱ्याने ती उघडून हुंगली. तेव्हापासून त्या बंदरात मामांची बॅग कोणी उघडत नाही, उलट सलाम करतात. कँपेरमध्ये काळ्या पिठाचं जे पातळ धिरडं मिळतं, त्याला मामा सरळ घावन म्हणतात आणि त्याला ठेचा लावतात. उन्हाळ्यात तिथले लोक सनईच्या जातीचं वाद्य वाजवत मिरवणूक काढतात. मामा तिला वरात समजून शिरले आणि मुलीकडचे म्हणून जेवूनच बाहेर पडले. निदान ते तसं सांगतात.

गावाविषयी त्यांची मतं पक्की आहेत. तिथलं मोठं चर्च आतून जरा वाकडं आहे, दारात उभं राहिलं की मधली वाट एका अंगाला झुकलेली दिसते. लोक म्हणतात बांधणाऱ्यांनी चूक केली. मामा म्हणतात, "चूक कसली? केवढं लांब आहे ते. दमलं, जरा कुशीवर वळलं." वर लगेच खुलासा: "मी बाबासाहेबांचा माणूस, देवाकडे माझं काही काम नाही. पण आत बाकं चांगली आहेत." आणि नदी! भरतीला समुद्र त्या नदीतून वर चढतो. मामांच्या भाषेत, तो गावात येतो, बाजार करतो आणि संध्याकाळच्या आत घरी जातो.

हे वेड लागलं मामींच्या आजारपणानंतर. त्यापूर्वी भीमजयंतीला हॉलमध्ये मामींचा आवाज असला की माइक लावत नसत, आणि सगळ्यांचा चहा त्याच करत. मग त्यांना स्ट्रोक आला. त्यातून उठल्या, काठी घेऊन लंगडत चालायलाही लागल्या, पण उजवा गुडघा आखडलेला आणि उजवा हात थरथरता राहिला. त्या दिवसापासून मामी घराबाहेर पडेनात. पाहुणे आले की सगळ्यांना चहा द्यायला लावत आणि स्वतः म्हणत, "माझा आत्ताच झाला." तो कधी झालेला नसे. मामा दिवसभर समोर बसून राहत म्हणून त्यांनीच मामांना एका कोच ट्रिपला हाकललं होतं. "माझ्या तोंडाकडे काय बघत बसता? जग बघा!" मामांनी जग बघितलं, ते कँपेरला सुरू झालं आणि तिथेच संपलं.

आजारी बायकोला चार दिवस लेकीकडे सोडून माणूस दर सीझनला समुद्र ओलांडतो म्हटल्यावर नातेवाईक गप्प बसतील कसे? लीड्सहून माझ्या सासूबाईंचा, म्हणजे मामांच्या सख्ख्या बहिणीचा फोन आला. "बाई आहे. घावन खायला कोणी फ्रान्सला जात नाही. तुम्ही सोबत जा, आणि जावई आहात हे विसरून सगळं खरं सांगा." अशा रीतीने फेब्रुवारीत माझी हेर म्हणून नेमणूक झाली.

कँपेरला उतरल्या उतरल्या मामांनी खिशातून क्रेप बँडेज काढून उजव्या गुडघ्याला घट्ट आवळलं, फोल्डिंगची काठी उघडली आणि लंगडत नदीकाठाने निघाले. मला वाटलं, वय. पण ते प्रत्येक बाकावर बसत, उठत आणि निकाल देत. "पाठ नाही. नापास." "उठताना धरायला काही नाही. नापास." काठावर कॅमेलियाची लालभडक फुलं होती, त्यांच्याकडे बघायला वेळ नव्हता. एका उतरत्या गल्लीत ओल्या दगडांवर ते घसरता घसरता वाचले आणि म्हणाले, "फेब्रुवारी अख्खा नापास."

आणि बाई होती. आम्ही उतरलो त्या बी अँड बीची, म्हणजे घरगुती लॉजची मालकीण. वय मामींहून जास्त, दंड पैलवानाचे. सकाळी तिने प्रत्येकापुढे रंगीत फुलांचा मोठा वाडगा ठेवला, दोन्ही बाजूंना कान असलेला. एक ट्रक ड्रायव्हर, एक नवं जोडपं, एक आजी, सगळ्यांनी कॉफीने भरलेले वाडगे दोन्ही हातांनी उचलले आणि तोंडाला लावले. मामा खात नव्हते. ते फक्त बघत होते.

"बघितलंत जावईबापू?" ते हळूच म्हणाले. "इथे सगळेच दोन्ही हातांनी पितात. हिने प्यायला तर कोण वळून बघणार आहे?"

मी लोणी लावलेल्या ब्रेडला पुन्हा एकदा लोणी लावलं. मग विचारलं, "मामींना सांगितलंत?"

"सांगून येईल ती? गुडघा म्हणेल, पाऊस म्हणेल, गर्दी म्हणेल. आधी तिच्यासारखा गुडघा आखडून, लंगडून तिची सगळी कारणं मी संपवतोय. उन्हाळा गर्दीत गेला, हिवाळा घसरला. वसंतातला वारा काठी उडवतो. ऑक्टोबर पास आहे."

सासूबाईंना मी फोनवर इमानदारीने सांगितलं, "बाई आहे," आणि त्यांना दोन मिनिटं विजयाचा आनंद घेऊ दिला. मग उरलेलं सांगितलं.

मामांनी मामींसाठी त्यांचं नाव रंगवलेला वाडगा आणला. मामींच्या घरात पातेल्यापासून पळीपर्यंत प्रत्येक स्टीलच्या भांड्यावर लग्नापासून त्यांचं नाव कोरलेलं आहे. "एवढ्या भांड्यांवर नाव कमी होतं का?" त्या म्हणाल्या आणि वाडग्यात लसूण ठेवला. मामांनी दोन्ही हातांनी पिणाऱ्या गावाची कहाणी सांगितली, ऑक्टोबर सांगितला. उत्तर आलं, "बघू." वसंत गेला, लसूण तिथेच.

जूनमध्ये मी आणि बायको हाउन्सलोला गेलो. मामांनी चहा केला आणि आमच्यापुढे कप नाहीत, वाडगे ठेवले. मे महिन्यात ते आणखी तीन उचलून घेऊन आले होते. आम्ही तिघांनी दोन्ही हातांनी उचलले. माझी बोटं भाजली, बायकोच्या नाकाला साय लागली. मामी आमच्याकडे बघत राहिल्या.

"काय नाटक लावलंय हे?"

आम्ही पीत राहिलो, म्हणजे भाजत राहिलो. मग मामी उठल्या, काठी टेकत किचनमध्ये गेल्या. लसणाच्या पाकळ्या ओट्यावर सांडल्याचा आवाज आला, मग नळाचा. परत येऊन त्यांनी वाडगा मामांपुढे धरला. "घाला." दोन्ही हातांनी कान पकडून त्यांनी तो तोंडापर्यंत नेला. वाडगा हलला, चहा हलला, पण सांडला नाही. अर्धा झाल्यावर म्हणाल्या, "लसणाचा वास येतोय." मामा खिडकीपाशी जाऊन बाहेरच्या कचऱ्याच्या बिन्सकडे फार लक्षपूर्वक बघू लागले.

ऑक्टोबरमध्ये गेलो. बॅगा उचलायला मी. पैलवान मालकिणीच्या टेबलावर मामींनी अनोळखी माणसांत बसून वाडगाभर चहा प्यायला. ट्रक ड्रायव्हर दुसरा होता, तो आपल्या ब्रेडमध्ये दंग. मग पास झालेल्या बाकांवरून, एकेक करत, आम्ही नदीकाठाने गेलो. पलीकडची टेकडी तांबूस झाली होती. ओदेला भरती लागली होती आणि पाणी उलटं चढत होतं. शेवटच्या बाकावर मामी बराच वेळ बसून राहिल्या.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण ती लाल फुलं म्हणत होतात ती कुठायत?"

"ती फेब्रुवारीत. फेब्रुवारी नापास आहे."

"निकाल कोणी विचारला तुम्हाला?"

मामांनी खिशातून ते क्रेप बँडेज काढलं. "मग फेरपरीक्षा," म्हणाले, वाकले आणि आपल्या धडधाकट गुडघ्याला सावकाश बांधू लागले.