ताठ उभ्या लोंब्या

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. साखरशेतच्या वाऱ्याबाबाने मला सगळं दाखवलं होतं. दाखवलं नाही, असं मी चारचौघांत सांगितलं.

त्याचं खरं नाव गावातही फारसं कोणी घेत नसे. रोज सकाळी चुलीतली चिमूटभर राख घेऊन तो अंगणात यायचा, तळहातावरून सोडायचा आणि ती कुठे जाते ते बघत राहायचा. मग माणसं विचारायची, "बाबा, नाचणी लावू?" त्याने मान हलवली की नाचणीची रोपं घेऊन माळावर चढायची. "पाऊस समद्यांना दिसतो," तो म्हणे, "वारा बघाया कोणाला येळ हाय?"

संस्थानचे दिवस होते आणि मी पिकाचा अंदाज लिहिणारा नवा कारकून. बाबा मात्र सगळ्यांनाच अरे-तुरे करी. "भाऊसाहेब, तुझं डोकं पागोट्यात. तुला वारा लागंल कसा?"

त्या वर्षी भात फुलोऱ्यावर असताना आठ दिवस वाऱ्यापावसाने झोडपलं. फुलोरा धुऊन गेला. पुढे ऊन पडलं आणि शेतं हिरवीगार दिसू लागली. मी बैलगाडीतूनच पाहिलं, 'बारा आणे पीक', म्हणजे पाऊण पीक हाती येणार, असं लिहिलं आणि कागद वर पाठवून दिला. चिखलात उतरायचा कंटाळा, दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी शेतं जवळून दाखवायला गावाने बाबाला माझ्याबरोबर धाडलं. हाताला धरून त्याने मला बांधावरून खाली उतरवलं. "लोंब्या बघ कशा ताठ उभ्या हायेत." मला वाटलं, कौतुक करतोय. "भरल्या असत्या तं वाकल्या असत्या." एक लोंबी चुरून त्याने माझ्या तळहातावर ठेवली आणि फुंकर मारली. हातात एकही दाणा राहिला नाही.

"आता लिही," तो म्हणाला.

कागद गेला होता. परत मागवायचा, तर शेतात उतरलोच नव्हतो हे कबूल करावं लागलं असतं. नोकरी गेली असती. मी म्हणालो, "लिहितो."

कागदावर बारा आणे होते, म्हणून शेतसाऱ्यात सूट मिळाली नाही. सारा भरायला बियाण्याच्या कणग्यासुद्धा रिकाम्या झाल्या. गाव पाटलाच्या ओट्यावर जमलं. पाटलाने मला विचारलं, "भाऊसाहेब, बाबानं शेत दाखवलं नव्हतं काय?"

बाबा खांबाला टेकून उभा होता. मी खाली बघून म्हणालो, "नाही."

"कचेरीची तमाखू गोड लागली म्हाताऱ्याला," मागून कोणी तरी म्हणालं.

बाबा माझ्याकडे बघत राहिला. मग सावकाश म्हणाला, "माझीच नजर गेली आता. नाय दिसलं मला."

त्याने मला का वाचवलं, ते अजून कळलेलं नाही. त्यानंतर नाचणी कधी लावायची हे त्याला कोणी विचारलं नाही. काही दिवस तो राख घेऊन अंगणात यायचा. समोरून माणसं जायची, थांबत कोणी नसे. पुढे तो सूर्यमाळला लेकीकडे गेला आणि तिथेच वारला.

मी नोकरीत वर चढलो. साखरशेतची पाहणी आली की आजही काही तरी कारण काढून दुसऱ्याला धाडतो.

पाटलाच्या त्या ओट्यावर उभं राहून मला एवढंच सांगायचं आहे, की बाबाने मला दाखवलं होतं. ते मी अजून सांगितलेलं नाही.