मास्तरांचे चार प्रश्न

नाव : इनोके वुएताकी. हुद्दा : वरिष्ठ परिचारक, तातडीचा विभाग. वय : सत्तावन्न. ओळखीची खूण : डाव्या भुवईवर व्रण, नारळ पडून. वर्तणूक : समाधानकारक. वैवाहिक स्थिती : विवाहित. विशेष कौशल्य : निरंक.

हे सेवापुस्तक मीच लिहितो. वानुआ लेवू बेटावरच्या आमच्या इस्पितळात मी तेवीस वर्षं कारकून आहे, आणि दर गुरुवारी दुपारी बारा वाजता भरणाऱ्या बैठकीचं टिपणही माझ्याच गळ्यात आहे. बैठक इनोकेंची. त्यांना सगळे मास्तर म्हणतात, डॉक्टरसुद्धा. कारण निम्म्या डॉक्टरांना सलाइनची सुई लावायला त्यांनीच शिकवलं.

बैठकीत कुणीतरी एक नवं संशोधन घेऊन येतो आणि बाकीचे उकडलेला कसाव्याचा कंद खात त्याचे लचके तोडतात. जगात कुठंतरी कुणीतरी शोध लावतो की अमुक औषधानं माणसं वाचतात. त्या औषधाला आमच्या कपाटात शिरण्याआधी मास्तरांच्या चार प्रश्नांतून जावं लागतं. सलाइनच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर निळ्या शाईनं लिहिलेत ते : अभ्यासात माणसं किती? वगळलं कुणाला? माणसं जगली, की नुसते रिपोर्ट सुधारले? आणि चौथा, ही माणसं आपल्यासारखी आहेत का?

बहुतेक संशोधनं चौथ्या प्रश्नावर आपटायची. ती मोठ्या शहरांतल्या, दहा मिनिटांत दवाखान्यात पोचणाऱ्या लोकांवर केलेली असत. आमचा रुग्ण आधी होडीतून, मग ट्रकच्या हौद्यातून, चार तासांनी येतो, आणि सोबत अकरा नातेवाईक.

"नुसता सारांश वाचून औषध देणारा आणि डब्यावरचं चित्र बघून मासा ओळखणारा, दोघं एकाच बाकावरचे," असं मास्तर म्हणायचे. आम्ही त्या वेळी डब्यातलाच मासा खात असल्यामुळे वाद होत नसे.

कसावा मास्तरांची बायको उनाइसी आणायची. सोबत नारळाच्या रसात शिजवलेले नदीतले शिंपले, तिनं स्वतः बुड्या मारून काढलेले. दारातूनच ओरडायची, "काय हो, आज कुणाचा मुडदा पाडलात?"

"दोन जर्मन आणि एक कॅनडावाला," मी सांगायचो.

"एवढे प्रश्न लग्नाआधी मला विचारले असते तर!"

"तुझ्या वेळी नमुना एकच होता," मास्तर मान वर न करता म्हणायचे. "निष्कर्ष घाईत काढला."

"भोगा मग," असं म्हणून ती त्यांच्याच ताटात सगळ्यांत मोठा तुकडा टाकायची.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत पूर आला. पाणी उतरल्यावर उनाइसी शिंपल्यांसाठी नदीत गेली. पुरानंतरच्या नदीत जाऊ नये हे आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. पण शिंपले पुरानंतरच जास्त मिळतात, हेही त्यांना ठाऊक असतं. आठवड्यानं ताप आला, डोळे पिवळे झाले, आणि खोकल्यातून रक्त पडायला लागलं तेव्हा मास्तर तिला उचलून घेऊन आले. लेप्टो, पुराच्या पाण्यातून होणारा ताप. फुप्फुसात उतरलेला.

ड्यूटीवर डॉ. आर्तिका देव होती. आमच्याच गावातल्या उसाच्या गाडीवाल्याची मुलगी, मास्तरांची सगळ्यांत लाडकी विद्यार्थिनी. तिनं प्राणवायू, अँटिबायोटिक, जे जे करायचं ते सगळं केलं. राजधानीकडे जाणारं विमान बंद होतं. धावपट्टीवर गुडघाभर चिखल. सकाळी दहाच्या सुमारास मास्तर माझ्या खोलीत आले, माझ्या संगणकावर काहीतरी शोधलं, एक कागद छापला आणि गेले. मी मागोमाग गेलो.

"हे इंजेक्शन आपल्या कपाटात आहे," मास्तर म्हणाले. "दुसऱ्या आजारासाठी ठेवलंय. लेप्टोत फुप्फुसाचं रक्त थांबतं म्हणे. दे."

आर्तिकानं कागद वाचला. एकच पान होतं. सारांश.

"मास्तर," ती म्हणाली, "माणसं किती होती?"

"चव्वेचाळीस."

"वगळलं कुणाला?"

मास्तरांनी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"पूर्ण लेख वाचलात?"

"मिळाला नाही."

"यानंच रक्तस्राव वाढला तर? जंतूंचा जोर वाढला तर? मास्तर, दुसऱ्या कुणी हा कागद आणला असता तर तुम्ही..."

मास्तरांनी कागद परत घेतला, नीट चार घड्या घातल्या आणि म्हणाले, "बरोबर आहे." मग खाटेजवळ जाऊन बसले. उनाइसी दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. गुरुवार होता. त्या आठवड्याचं टिपण माझ्याकडे नाही.

नंतर मास्तर कामावर आले, बैठका झाल्या, पुठ्ठा भिंतीवर तसाच राहिला. कसावा आता उपाहारगृहातून येतो. तो कच्चा असतो आणि कुणी तक्रार करत नाही.

यंदा जूनमध्ये त्याच इंजेक्शनचा मोठा अभ्यास आला. आठशे रुग्ण, चार देश, त्यांतली दोन आमच्याच समुद्रातली बेटं. औषध न घेतलेल्यांत शंभरातले सत्तावीस मेले, घेतलेल्यांत एकवीस. आर्तिकानं तो वाचला आणि दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचत राहिली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती यांगोनाच्या, आमच्या मानाच्या पेयाच्या, मुळांची जुडी घेऊन मास्तरांच्या घरी निघाली. एकटीला धीर होईना म्हणून मला सोबत घेतलं. आमच्याकडे क्षमा मागायला असंच जातात. जुडी पुढं ठेवायची, मान खाली घालायची. समोरच्यानं जुडीला हात लावला की विषय मिटला. न लावणं म्हणजे तोंडावर दार लावणं. मी आयुष्यात एकदाही तसं पाहिलं नव्हतं.

आर्तिकानं जुडी चटईवर ठेवली. मास्तरांनी हात लावला नाही.

"मास्तर, असं नका करू," मी म्हणालो.

"तू टिपण लिही," ते मला म्हणाले. मग तिला, "त्या दिवशी माणसं किती होती?"

"चव्वेचाळीस," ती खाली बघत म्हणाली.

"वगळलं कुणाला?"

"माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं. मग तू काय करायला हवं होतंस?"

ती रडायलाच लागली. "द्यायला हवं होतं. उनाइसी काकी..."

"मी या जुडीला हात लावला तर तू चुकलीस असं होईल. तू चुकली नाहीस. तू मी शिकवलेलं केलंस. सतरा जणांना दिलं तर एक जास्तीचा वाचतो. उरलेल्या सोळांना फरक पडत नाही. ती त्या सतरांतली कितवी, हे कुठल्याच लेखात नसतं. मी शोधलं."

"आणि नव्या अभ्यासात काही खोट सापडली तर?" आर्तिका म्हणाली. तिला ती हवी होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मला वाटतं दोघांनाही हवी होती.

"गुरुवारी मी मांडतो," मास्तर म्हणाले. "ती जुडी घेऊन जा."

तिनं नेली. वाटभर ती जुडी पोटाशी धरून चालत होती.

गुरुवारी खोलीत बसायला जागा नव्हती. मास्तरांनी सारांशाला बोटही लावलं नाही. बावीस पानं, परिशिष्टासकट, ओळीनं वाचून आणली होती. औषध कुणाला द्यायचं याच्या चिठ्ठ्या कशा टाकल्या, मधेच सोडून गेलेले किती, पैसा कुणाचा, मेलेले कुणी मोजले. पंचावन्न मिनिटं ते खोट शोधत होते. एका तक्त्याची बेरीज दोननं कमी येत होती. आर्तिका एकदम ताठ बसली. मास्तरांनी पान उलटलं, तळटीप वाचली. दोन रुग्णांनी संमती मागे घेतली होती. बेरीज जुळली.

"माणसं पुरेशी," ते म्हणाले. "वगळलेले योग्य. मोजलं ते मरणच." चौथ्या प्रश्नापाशी त्यांनी चष्मा काढून पुसला. तो पुसून झाला तरी पुसत राहिले. "ही माणसं आपलीच आहेत. एक तारखेपासून द्यायला सुरुवात करा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी टिपणात लिहिलं : ठराव एकमतानं मंजूर.

त्याच दुपारी मी मास्तरांचं सेवापुस्तक काढलं. निवृत्तीच्या कागदांसाठी रकाने तपासायचे असतात. 'विवाहित' पुढं पेन नेलं. दुरुस्तीसाठी कर्मचाऱ्याची सही लागते. तो अर्ज मी दोन वर्षांपूर्वीच त्यांच्याकडे दिलाय.

तो अजून आलेला नाही.