घटाची माती

आमच्या प्रयोगशाळेत गव्हाच्या रोगांवर काम चालतं आणि पैसा येतो लष्कराकडून. तोफा-बंदुकांवाल्यांना गव्हाशी काय देणंघेणं, असं म्हणून पहिल्या वर्षी मीही हसले होते. मग ट्रेनिंगमध्ये सांगितलं, की शत्रूला बॉम्ब टाकायची गरजच नाही, पिकात मूठभर बुरशी सोडली तरी देश उपाशी. तेव्हापासून हसणं बंद. नियम साधा होता: परदेशातली माती, परदेशातलं बी यांच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. चुकून संबंध आलाच तर त्याच दिवशी कळवायचं. आणि मी तर बाई या देशात व्हिसावरची.

गेल्या नवरात्रात मी तीन दिवस लष्करी तळावर रिव्ह्यूला गेले होते. सासूबाई नुकत्याच मायदेशातल्या गावाहून इथे श्रूजबरीला आमच्याकडे आल्या होत्या. परत आले, दार उघडलं. हॉलमध्ये घट बसलेला! परडीत काळीभोर माती, तिच्यात बोटभर उगवलेला गहू, वर झेंडूची चौथी माळ.

"आई, ही माती कुठली?"

"आपल्या शेतातली. गहूपण घरचाच. चिवड्याच्या डब्याखाली ठेवली होती पिशवी."

"अहो, पण मला विचारायचं तरी!"

"घ्या! फोनवर विचारलं नव्हतं? हो हो, आणा म्हणालीस की."

म्हणाले असणार. एका हातात फोन, दुसऱ्या हातानं टायपिंग, त्यांच्या दर वाक्याला माझं हो हो. मूर्ख बाई!

नवरा म्हणाला, "गपचूप फेकून दे यार, कोणाला कळतंय?" मला कळत होतं ना. त्या मातीत काय असू शकतं हे घरात फक्त मलाच ठाऊक होतं, आणि हेच बूट घालून सकाळी मी ग्रीनहाऊसमध्ये जाणार होते. प्रयोगशाळेच्या सुरक्षा अधिकाऱ्याला फोन केला. घरात माती आहे, गहू आहे, सासूबाईंनी आणलाय, एवढंच सांगितलं. माझ्या त्या 'हो हो'बद्दल अवाक्षर काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिकडून दोघं आले. एक गणवेशातला, एक साध्या कपड्यांतला. दोघंही फार सभ्य होते, त्याचीच जास्त भीती वाटली. गणवेशातल्यानं हातमोजे घालून अख्खा घट पिशवीत घातला. दसऱ्याआधी घट जागचा हलवत नाहीत. आई भिंतीला टेकून हात जोडून उभ्या होत्या, ओठ हलत होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

मग साध्या कपड्यांतला माणूस टेबलाशी बसला. आईंना इंग्रजी येत नाही, तेव्हा प्रश्न तूच मराठीत विचार, म्हणाला. माती कोणी आणली, कशातून आणली, सगळं झालं. शेवटी त्यानं विचारलं, "सुनेला हे माहीत होतं का?"

मी मराठीत तस्संच विचारलं.

"म्हणजे काय! हिला विचारूनच आणली. हिच्या परवानगीशिवाय मी हिच्या घरात काडी तरी हलवीन का?"

नोकरी, व्हिसा, लेकीची शाळा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी इंग्रजीत म्हणाले, "नाही. त्या म्हणतात, सुनेला काहीच माहीत नव्हतं."

त्यानं ते लिहून घेतलं. आईंनी माझ्या दंडाला हात लावला. "नीट सांगितलंस ना? तुझ्यावर काही यायला नको हं."

"नीट सांगितलं, आई."

त्यानं कागद पुढे सरकवला. मी बोटानं जागा दाखवली. त्यांनी चष्मा लावला, न कळणाऱ्या त्या ओळींकडे एकदा पाहिलं, आणि सावकाश, एकेक अक्षर जोडत, सही केली.