मूळ फाइल नसलेला आवाज

अमरावतीच्या आमच्या ऑफिसात तेव्हा संगणकावर शिकायचे जुने कोर्स नव्यानं बांधायचं काम आलं होतं. त्यातला एक गावोगाव आरोग्याचं काम करणाऱ्या आशा ताईंसाठी अकोल्यात तयार झालेला होता: खचलेल्या माणसाच्या घरी गेल्यावर त्याच्याशी बोलायचं कसं. तो बनला त्या काळात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे वऱ्हाडातलं वर्तमानपत्र उघडायचीच भीती वाटायची. पुढेही ती गेली नाही, फक्त बातम्या आतल्या पानांवर सरकल्या. कोर्स मात्र बंद पडला. ज्या फ्लॅश नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो केलेला, ते आता कुठल्याच ब्राउझरमध्ये चालत नव्हतं, आणि ताईंना तो मोबाइलवर हवा होता.

मूळ फायली असत्या तर काम सोपं होतं. पण बनवणाऱ्यांचं ऑफिस केव्हाच बंद झालेलं, संगणक भंगारात गेलेले. हातात होती फक्त एक सीडी. एका जुनाट संगणकावर ती चालवायची, पडद्याचं रेकॉर्डिंग करायचं आणि एकेक स्लाइड पाहून पुन्हा काढायची. मजकूर टाइप झाला, चित्रं झाली. शेवटच्या पडद्यावर मदतीसाठी एक फोन नंबर होता. चालू आहे का म्हणून लावून पाहिला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, एवढं ऐकू आलं. इतक्या वर्षांत आणखी कोणी कोणी लावला असेल?

आवाजापाशी मात्र मी अडले. कोर्समध्ये आशा ताई एका दारात उभी राहून विचारते, "भाऊ, जेवले का?" आतून एक पुरुष म्हणतो, "मले काही नाही झालं. तुमी जा." मग पडदा थांबतो आणि विचारतो, आता तुम्ही काय कराल?

बाकीचे सगळे आवाज कागदावरून वाचल्यासारखे होते. हा नव्हता. "तुमी जा"च्या आधी तो श्वास घ्यायचा आणि अर्ध्यातच सोडून द्यायचा. पार्श्वसंगीत त्या आवाजात असं मिसळलं होतं की वेगळं काढता येईना, म्हणून मी तेच वाक्य दिवसभर पुढेमागे करत राहिले. मग ते घरी यायला लागलं. भाजी चिरताना ऐकू यायचं. बसमध्ये कोणी मागच्या सीटवरून बोलल्यासारखं वाटायचं. एकदा नवऱ्यानं विचारलं, "काय झालं तुले?" मी सहज "काही नाही" म्हटलं, आणि ते त्या माणसासारखंच निघालं. हा माणूस आता जिवंत नसणार, असं माझ्या मनानं धरलं होतं.

शेवटी मी कोर्स बनवणाऱ्या गृहस्थांचा फोन नंबर शोधून काढला. ते आता नागपूरला असतात. "तो आवाज व्हय?" ते म्हणाले. "ठरवलेला नट आलाच नाही त्या दिवशी. मग ऑफिसच्या खाली एक टेलर होता, त्यालेच वर बोलावलं."

"आहेत का ते?"

"आता काय सांगू बाई. अकोला सोडून लय वर्षं झाली मले."

मी अकोल्याला गेले. दुकान होतं. शाळेच्या गणवेशांच्या ढिगामागे एक म्हातारे गृहस्थ मशीन चालवत होते. मान वर करून म्हणाले, "बोला बेटा, काय शिवाचं हाये?"

तोच आवाज. मी नुसता हेडफोन त्यांच्या पुढे धरला.

ऐकून झाल्यावर त्यांनी तो हलकेच काढून ठेवला. "हां, मीच हाये."

"चाचा, किती खरं बोललात तुमी."

"त्यायनं कागद देला, मी बोललो. पन तेच मी घरी बेगमले बी सांगून राहिलो होतो. त्या साली कपाशी गेली. कपाशी गेली का दिवाळीले कोनी कपडे शिवत नाही. मशीनवर चादर टाकून मी नुसता बसून राहो. वर सगळे खुश झाले. एकदम ओरिजिनल, म्हने."

"कोणालेच समजलं नाही?"

"एकीले समजलं. ते जेवले का विचारते ना, तो आवाज एका नर्सबाईचा होता. दुसऱ्या दिवशी दुकानात आली, ब्लाउज उसवला म्हने. मंग रोज काही ना काही घेऊन ये. अन् बसून राहे. टाका तुटला का ब्लेडनं कापला, ते मले दिसते ना बेटा. मी काही बोललो नाही. शिवून देत गेलो."

"आता कुठं असतात त्या?"

"बदली झाली. बुलढान्याकडं."

मी ते वाक्य स्वच्छ रेकॉर्ड करायला माइक नेला होता. चाचांनी पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. आवाज तोच, पण वाक्य नुसतं वाक्य होऊन येत होतं. शेवटी ते हसले. "आता नाही येत तसं. अल्लाची मेहरबानी."

म्हणून जुनंच राहू दिलं. नव्या कोर्समध्ये ते वाक्य आलं की एकदम खरखर सुरू होते. त्यावर तक्रारही आली. मी बदललं नाही.

चांदूर रेल्वे या गावी पहिलं प्रशिक्षण झालं, तेव्हा मी मागं उभी होते. वाक्य झालं, पडद्यावर प्रश्न आला, उत्तरं निवडायची होती. एक ताई पर्यायांकडे न पाहताच उठली.

"आमच्या गावात एक घर हाये," ती म्हणाली. "काल मी दारातूनच वापस आली."

आयोजक म्हणाले, "ताई, जेवणानंतर दुसरं सत्र आहे."

"ते मंग पाहीन," म्हणत तिनं पिशवी खांद्याला लावली आणि दुपारची एसटी धरायला निघाली.

त्या घरात पुढं काय झालं, ते मला कधीच कळलं नाही.