दुसरी भाजी

एरंडोलकडच्या त्या शेतमालकाला सगळे भाऊ म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. दर थंडीत तो आम्हा जळगावच्या मंडळींना भरिताच्या पार्टीला बोलावतो. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजली जातात आणि बाजूच्या पातेल्यात ससा शिजतो. पण ससा म्हणायचं नाही, ‘दुसरी भाजी’ म्हणायचं. छर्ऱ्याच्या बंदुकीला तो ‘काठी’ म्हणतो आणि शिकारीला ‘जरा पाय मोकळे करणं’.

त्याच्या शेताला लागून गावाचं गायरान आहे. त्याला यानं खुशाल तारेचं कुंपण घातलंय आणि वर पाटी ठोकलीय, ‘शिकारीस सक्त मनाई’.

यंदा आम्ही जेवायला बसलो, तेवढ्यात एक म्हातारी शेळ्या घेऊन कुंपणाशी आली.

“हाई आमना गावनं गायरान शे, भाऊ. बकऱ्या कोठे चारू मी?”

एरवी अहिराणीत शिव्या हासडणारा हा माणूस पाहुण्यांदेखत एकदम पुस्तकी झाला. “अक्का, तुमच्या शेळ्यांमुळे रानातली जनावरं बिचकतात. त्या मुक्या जिवांनी जायचं तरी कुठं?”

बोलताना त्याच्या दाताखाली काहीतरी कटकन वाजलं. त्यानं बोटानं छर्रा काढला, केळीच्या पानाच्या कडेला ठेवला आणि पुन्हा दुसरी भाजी मागितली.