चाचांचा फोन

आमच्या कॉलेजात देणगीदारांची नावं पंख्यांवरसुद्धा रंगवलीत. गरीब पोरांच्या मदतीचं विचारलं की सगळ्यांचे हात वर! यावर मी पत्रक काढलं. गेटसमोरचे बाइंडिंगवाले चाचा ते चष्मा कपाळावर चढवून वाचतात आणि म्हणतात, "लई तिखट हाय की, पुढारी!"

परवा वळसंगच्या एका मुलीकडे प्रोजेक्टच्या बाइंडिंगला पैसे नव्हते, आणि जमा करायचा शेवटचा दिवस. चाचांनी बार्शीत मास्तर झालेल्या जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. "सर, तुमच्या बाइंडिंगचं कुणीतरी दिलं होतं, आठवतंय न्हवं? आता तुमची पाळी."

सरांनी लगेच पैसे पाठवले, प्रोजेक्ट वेळेत जमा झाला. चाचांनी मुलीचा नंबर वहीत लिहून घेतला. "नोकरी लागली की तुलाबी फोन येणार, व्हय?"

मग वही माझ्यापुढं सरकवली. "पुढारी, तुमीबी लिवा."

भाषण न करता मी नंबर लिहिला. खरं सांगतो, बरं वाटलं.