बाबा पडायला शिकत होते

बाबा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी उमरखेडच्या शाळेत पाचवीला भूगोल शिकवत होतो. शेजारचे देवरावकाका वर्गाच्या दारात उभे राहिले, आणि माझ्या तोंडून निघालं, "कुठं पडले?" काका गोंधळले. "पडले नाही जी... दुपारी झोपले, ते उठलेच नाही." आज दीड महिना झाला, तरी मला त्या प्रश्नाची लाज वाटते.

घरात आम्ही दोघंच. आई लवकर गेली, बहीण कळंबला दिलेली. बाबांनी पोस्टमन म्हणून तीस वर्षं खेड्यापाड्यांतून पायी टपाल वाटलं. छप्पन साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढल्या साली ते विहिरीच्या ओल्या फरशीवर घसरले. हात टेकवायला गेले आणि मनगट मोडलं. पुसदला नेऊन प्लास्टर घातलं. हाड जुळलं, पण मी मात्र तेव्हापासून त्यांच्या मागेमागे राहायला लागलो. उंबरठा आला की दंड धरायचो. ते हात झटकून टाकायचे.

मग एके दिवशी शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी हसत म्हणालं, तुमचे वडील म्हातारपणी कुस्ती शिकून राह्यले म्हणे. मी तडक आखाड्यात गेलो. सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारे रहीमभाई तिथले वस्ताद. त्यांच्यासमोर पासष्ट वर्षांचे माझे बाबा लाल मातीत उकिडवे बसून हळूच एका कुशीवर कलंडत होते. हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची, हात पुढं टेकायचा नाही, असं रहीमभाई समजावत होते. पोरं बघत होती. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "घरी चला." बाबा उठले, धोतर झटकलं आणि माझ्यापुढं चालू लागले.

त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी विचारलं, "मी पडलो तं तू काय करशील?"

"उचलीन."

"आन् तू घरी नसला तं?"

मी म्हणालो, मी कुठं जातो? त्यांनी ताटात पाणी ओतून हात धुतले. मला वाटलं, विषय संपला. आखाड्यात जाणंही संपलं असं वाटलं.

तेराव्यानंतर रहीमभाई भेटायला आले. म्हणाले, "मास्तर, तुमी शाळंत गेले का ते दुपारी येत जाय. तुमाले सांगू नोको म्हनत." मी विचारलं, काहून? "म्हने, पोराले यवतमाळले मोठ्या शाळंत जागा भेटून राह्यली होती, माह्यापायी गेला नाही. मले पडून एकट्यानं उठता आलं का त्याले सांगतो, आता जाय."

मनगट मोडलं त्याच साली ती जागा मी नाकारली होती हे खरं. पण पत्र त्यांना दाखवलं नव्हतं. त्यांना कसं कळलं? आणि तीन वर्षं शिकून मला एकदाही 'आता जाय' का म्हणाले नाहीत? अजून जमत नव्हतं, की जमत होतं आणि मी जाऊ नये असंच वाटत होतं? रहीमभाईंना विचारलं तर ते म्हणाले, पडणं त्यांना पहिल्या सालातच साधलं होतं. मग मी अधिकच गोंधळलो. वडील एकटे पडतील म्हणून गेलो नाही, असं मी सर्वांना सांगत आलो. ते तरी खरं होतं का? की यवतमाळची मलाच भीती वाटत होती, आणि त्यांचं मोडलेलं मनगट माझ्या कामी आलं?

हे मी त्यांच्या खोलीत बसून लिहितो आहे. खाटेच्या पायथ्याशी, जमिनीवर, चौपदरी गोधडी अंथरलेली आहे. मला वाटायचं, पाय गार पडतात म्हणून असेल. तिच्या मधोमध, रोज एकाच कुशीवर कलंडून पडावा तसा, खांद्याएवढा खळगा पडला आहे. मी ती उचललेली नाही. यवतमाळची जागा यंदा पुन्हा निघाली आहे. आता मागं कोणी नाही. अर्ज भरायला चार ओळी पुरतात... आणि मी रोज दुपारी इथं येऊन त्या गोधडीकडे बघत बसतो.